शेगडी पेटत नाही तेव्हा

‘आज त्यांच्या घरात चूल पेटली नाही’ हे वाक्य आपल्या भाषेत नुसते स्वयंपाकाविषयी नसते. ते कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते, की त्या घरावर काही दु:ख कोसळले, की घरातला दाणा संपला? चूल पेटणे म्हणजे घर नांदते असणे. पुढे चूल गेली आणि कोळशाची शेगडी आली. ती गेली आणि रॉकेलचा स्टोव्ह आला. तोही माळ्यावर गेला आणि ओट्यावर गॅस आला. परंतु ज्या सकाळी ती गॅसची शेगडी पेटत नाही, त्या सकाळी घरातील माणसांचे चेहरे अजूनही तसेच उतरतात, आणि माणूस उतावीळ होतो. त्या उतावीळपणाविषयी चार शब्द लिहावेत म्हणून ही लेखणी हाती घेतली आहे. तो उतावीळपणा माझ्याच हातून घडला, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

गेल्या नागपंचमीची गोष्ट. आमच्या जुन्या हुबळीत पंचमी हा लेकींचा सण. श्रावण लागला की सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, कानडी शेजाऱ्यांच्या घरांतून लाडवांची ताटे येतात आणि आपल्या घरांतून दिंडांची ताटे जातात. त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, हा आमच्या आईचा दंडक वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीही कायम आहे. त्यामुळे सारी भिस्त वाफेवर, म्हणजे पर्यायाने शेगडीवर. धाकटी कन्या आपल्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन आदल्या रात्रीच आली होती.

सकाळी साडेसहाच्या सुमारास सौ.ने मोदकपात्र मोठ्या बर्नरवर ठेवले आणि लायटर दाबला. शेगडी पेटेना. दोनदा, तीनदा प्रयत्न झाले. मग आतून हाक आली, “अहो, जरा बघता का?” मी हातातले वर्तमानपत्र ठेवून मुख्याध्यापकाच्या आत्मविश्वासाने स्वयंपाकघरात शिरलो. बटण फिरवले, लायटर दाबला, पुन्हा बटण थोडे अधिक फिरवले. लायटरचाच दोष असावा असे ठरवून आगपेटी मागविली. श्रावणातल्या दमट हवेत काड्यांना गुलच धरत नव्हता. एक मोडली, दुसरी फुसफुसून विझली. तिसरी काडी ओढण्यासाठी हात उचलला, आणि उंबऱ्यातून आईचा आवाज आला.

“थांब! आधी ते बटण बंद कर. आणि लेकराला उचला तिथून!”

मी खाली पाहिले. माझ्या पायापाशी, ओट्याच्या खाली, नातू फरशीवर बसून चमच्याने वाटी बडवीत होता. आणि या साऱ्या खटपटीत शेगडीचे बटण उघडेच होते.

बटण बंद केले. आई म्हणाली, “आता वास घे. वर नको, खाली वाकून घे.” मी वाकलो. उभे असताना जो वास जेमतेम जाणवत होता, तो गुडघ्याच्या उंचीवर स्पष्ट होता आणि फरशीजवळ उग्र. कन्येने मुलाला उचलून अंगणात नेले. सौ.ने रेग्युलेटर बंद करून मागचे दार उघडले. वास लवकर जावा म्हणून माझा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला, तेव्हा कन्या अंगणातूनच ओरडली, “बाबा, विजेच्या बटणाला हात लावू नका!” तो अर्धा उचललेला हात मी खाली घेतला. आम्ही सर्वजण ओसरीवर जाऊन बसलो. तो पाव तास मला माझ्या नोकरीतील कोणत्याही शालेय तपासणीपेक्षा लांब वाटला.

वास खालीच का साचतो?

त्या पाव तासात जे शास्त्र मला आठवायला हवे होते आणि आठवले नाही, ते येथे मांडतो. आपण सिलिंडरातून जो वायू वापरतो, तो मुख्यत: प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. दाबाखाली तो द्रवरूप होतो आणि मोकळा होताच सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. त्याला स्वत:चा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. महत्त्वाची गोष्ट ही, की हा वायू हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीडपट ते दुप्पट. म्हणून तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, ओट्याखाली, मोरीत, कोपऱ्यात साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला तो उशिरा कळतो. रांगणाऱ्या मुलाभोवती तो आधी असतो.

आणि तो फार साचावाही लागत नाही. हवेत या वायूचे प्रमाण शंभरात सुमारे दोन भाग झाले की ते मिश्रण ठिणगीने पेटते. म्हणजे एक लिटर वायू सुमारे पन्नास लिटर हवा पेटती करू शकतो. ती ठिणगी आगपेटीचीच हवी असे नाही. दिव्याचे बटण लावताना जशी ठिणगी उडते, तशी ते बंद करतानाही उडते. म्हणून वास येत असता विजेची बटणे लावू नयेत आणि लावलेली असल्यास बंदही करू नयेत. आहेत तशी राहू द्यावीत. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, देवघरातील निरांजन व उदबत्ती शांत करावी, मुलांना व वृद्धांना बाहेर न्यावे. रेग्युलेटर बंद करूनही वास राहिला तर घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. गॅसगळतीसाठी ही सेवा देशभर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

आधी नाक, मग डोळे, मग हात

वास पूर्ण गेल्यावर आम्ही पुन्हा आत आलो. आईने पाट घेतला आणि दारातच बसली. ती शाळेत चौथीपर्यंत शिकली. पण तिने चूल, कोळशाची शेगडी, वातींचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह आणि गॅस असे पाच अग्नी सांभाळले आहेत. “स्टोव्ह पेटला नाही की आम्ही आधी वास घ्यायचो, मग वाकून बघायचो आणि मग हात लावायचो. तुमचे सगळे उलटे. आधी हात!” आधी नाक, मग डोळे, मग हात. एवढा एकच नियम या लेखाचे सार आहे.

शेगडी पेटण्यास तीन गोष्टी लागतात: वायू, हवा आणि ठिणगी. तिन्हींपैकी एक जरी रुसली तरी ज्योत येत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच, की रुसले कोण? हे ओळखण्याची सोय शेगडीतच आहे. तिला एकाहून अधिक बर्नर असतात, आणि शेजारचा बर्नर हा सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे.

मी धाकटा बर्नर लावून पाहिला. लायटरच्या पहिल्याच आवाजासरशी तो निळ्या ज्योतीने पेटला. या एका कृतीने तीन आरोपी निर्दोष सुटले: सिलिंडरात गॅस होता, रेग्युलेटर व नळी ठीक होती, लायटरही चांगला होता. दोष केवळ मोठ्या बर्नरचा. तो बंद करून, थंड होऊ देऊन, पितळी टोपी उचलली, तेव्हा सारा उलगडा झाला. सणासाठी आदल्या रात्री बर्नर चिंचेने घासून लख्ख केले होते आणि ओलेच बसविले होते. छिद्रांत पाणी अडकले होते, शिवाय टोपी आपल्या खाचेत न बसता किंचित कलली होती. वायूला वरची वाट मिळेना, म्हणून तो खालच्या हवेच्या तोंडातून परत बाहेर पडत होता आणि ओट्यावरून फरशीकडे उतरत होता. टोपी झटकली, कोरड्या फडक्याने पुसली, उन्हात दहा मिनिटे ठेवली, नीट बसविली. बर्नर पेटला.

ज्या दोषासाठी मी तीन काड्या ओढायला निघालो होतो, तो एका कोरड्या फडक्याचा दोष होता.

दोष कोठे, हे कसे ओळखावे?

वाचकांच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोगी पडावे म्हणून हीच तपासणी क्रमाने सांगतो. ती वास नसतानाच करावयाची, हे पुन्हा सांगणे नको.

एकही बर्नर पेटत नसेल, तर दोष शेगडीच्या मागे शोधावा. रेग्युलेटरचे बटण चालू स्थितीत आहे ना, तो झडपेवर नीट बसला आहे ना, नळी कोठे मुडपली किंवा शेगडीच्या पायाखाली दबली नाही ना, हे पाहावे. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीतील हवा आधी बाहेर पडते, म्हणून पहिले दोन क्षण ज्योत धरत नाही. सिलिंडर संपला का, हे ओल्या फडक्याने कळते: फडके वरून खालपर्यंत फिरवावे, जेथवर आत द्रव आहे, तेथवरचा ओलावा उशिरा वाळतो. वजनावरूनही कळते, घरगुती सिलिंडरात १४.२ किलो वायू भरलेला असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. मात्र उरलासुरला गॅस मिळावा म्हणून सिलिंडर आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे, ही जी काटकसर काही घरांत चालते, ती प्राणावर बेतणारी आहे. आडव्या सिलिंडरातून वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो.

काडीने पेटते, पण लायटरने पेटत नाही, असे असेल तर दोष ठिणगीचा. लायटरच्या आत एक स्फटिकासारखा तुकडा असतो. त्यावर लहानशी हातोडी आदळली की हजारो व्होल्टचा क्षणिक दाब निर्माण होऊन ठिणगी उडते. दाबल्याने विशिष्ट स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हा शोध झाक व पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० साली लावला. आज दुर्गदबैलाच्या बाजारात तो शोध भांड्यांच्या दुकानात टांगलेला मिळतो. लायटरच्या टोकाला तेल-काजळी बसली किंवा ओल धरली की ठिणगी मंदावते. टोक पुसून कोरडे करावे. शेगडीला स्वयंचलित ठिणगीची सोय असेल तर बर्नरजवळची पांढरी चिनीमातीची कांडी पुसावी आणि बॅटरी असल्यास ती बदलून पाहावी.

एकच बर्नर पेटत नसेल, किंवा ज्योत पिवळी येऊन भांड्यांची बुडे काळी होत असतील, तर दोष बहुधा वायू आणि हवा यांच्या मेळाचा. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५५ च्या सुमारास जो ज्वालक प्रचारात आणला, त्याचे तत्त्वच आपल्या शेगडीत आहे. बारीक छिद्रातून वायू वेगाने सुटतो, वाटेत बाजूची हवा ओढून घेतो, आणि ते मिश्रण वर जळते. हवा पुरेशी असेल तर ज्योत निळी. कमी पडली तर पिवळी. उतू गेलेले दूध, डाळीचा फेस, तेल यांनी बर्नरची छिद्रे बुजतात. सुट्टीत महिनाभर घर बंद राहिले तर मिश्रणाच्या नळीत कोळीही जाळे विणतो. बर्नर काढून घासावा, पण रात्री घासावा आणि सकाळपर्यंत वाळू द्यावा. आपल्या आज्या चुलीला रात्रीच पोतेरे का घालीत, याचा अर्थ मला या वयात उमगला.

एक सावधगिरी. पंपाच्या स्टोव्हची छिद्रे साफ करण्याची बारीक पिन ज्यांनी वापरली आहे, त्यांचा हात गॅसच्या छिद्राकडेही तसाच वळतो. बर्नरच्या टोपीची छिद्रे टाचणीने मोकळी करण्यास हरकत नाही. परंतु बर्नरच्या खाली वायू सोडणारे जे पितळी सूक्ष्म छिद्र असते, त्यात पिन खुपसू नये. पितळ मऊ असते. छिद्र केसभर जरी मोठे झाले तरी वायू अधिक सुटतो आणि हवेचा हिशेब कायमचा बिघडतो. ते काम जाणत्या कारागिराचे. तसेच जोडांतून गळती आहे का, हे साबणाचा फेस लावून पाहावे. बुडबुडे आले तर गळती. जळती काडी फिरवून गळती शोधणारे अजूनही आहेत, म्हणून हे लिहावे लागते. रबरी नळी प्रमाणित, तारेची जाळी असलेली घ्यावी आणि वरून चांगली दिसली तरी पाच वर्षांनी बदलावी.

घर बदलले की अग्नीही बदलतो

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांना आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. मुले नोकरीसाठी गावोगाव, देशोदेशी जातात आणि प्रत्येक ठिकाणचा अग्नी वेगळा असतो. हुबळी-धारवाडच्या काही वस्त्यांत अलीकडे नळाने नैसर्गिक वायू येऊ लागला आहे. तो मुख्यत: मिथेन असतो आणि हवेपेक्षा हलका, तो गळला तर छताकडे चढतो. त्याच्यासाठी शेगडीतील छिद्रेही वेगळ्या मापाची लागतात. सिलिंडरवरची शेगडी तशीच नळाला जोडली तर ती नीट पेटणार नाही.

थंड देशांत गेलेल्या आपल्या मुलांच्या दिवाणखान्यात गॅसची अंगीठी असते. ती पेटली नाही की तेथूनही फोनवर विचारणा होते. अशा अनेक अंगीठ्यांत एक लहान ज्योत आधी लावावी लागते. तिच्या शेजारी दोन वेगळ्या धातूंच्या जोडाची कांडी असते. ती तापली की किंचित वीज निर्माण होते आणि त्या विजेच्या बळावर वायूची झडप उघडी राहते. ज्योत विझली की कांडी निवते आणि झडप आपोआप मिटते. म्हणून ज्योत लावताना बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. लवकर सोडले की ज्योत लागून लगेच विझते. अलीकडच्या काही शेगड्यांतही हीच सोय असते. कांडी काजळली किंवा झिजली तरीही ज्योत टिकत नाही; पण त्या वेळी ती सोय निकामी करून अंगीठी पेटविणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून घरात झोपणे होय. आणि बंद खोलीत जळणारा कोणताही गॅस, मग ती अंगीठी असो वा न्हाणीघरातील गॅसचा गीझर, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण करतो. त्याला वास नसतो. तेथे नाक उपयोगी पडत नाही. उघडी खिडकीच उपयोगी पडते.

वर्गातला प्रश्न

सण झाला. पुढच्या सोमवारी मी सातवीच्या वर्गावर विज्ञानाचा एक तास मागून घेतला आणि विचारले, “घरची शेगडी पेटली नाही तर तुम्ही काय करता?” बहुतेक हात वर झाले आणि बहुतेक उत्तरे एकच निघाली: दुसरी काडी ओढायची. त्यांत अशी मुले होती, ज्यांचे आईवडील पहाटेच कामावर जातात आणि धाकट्या भावंडांचा चहा हीच मुले करतात. आपल्या देशात १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत घरगुती सिलिंडर आणला, १९६५ साली कलकत्त्यात इंडेन सुरू झाले, आणि १ मे २०१६ रोजी आरंभ झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर तर तो कोट्यवधी नव्या घरांत पोहोचला. गॅस घरोघर पोहोचला. पण त्याच्याशी वागण्याची रीत, जी चुलीच्या बाबतीत आजीकडून नातीकडे आपोआप जात असे, ती सिलिंडरबरोबर पोहोचली नाही.

मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: नाक, डोळे, हात. मग मुलांना पाच अंक मोजायला लावले. लायटर आधी बर्नरजवळ न्यायचा, मगच बटण उघडायचे. मनात पाच मोजेपर्यंत ज्योत आली नाही तर बटण बंद. दारे-खिडक्या उघडायच्या, थोडे थांबायचे आणि घरातल्या मोठ्या माणसाला बोलवायचे. दुसरी काडी नाही. मुलांनी ते पाढ्यासारखे म्हटले. त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने सांगितले, की तिने हे आपल्या वडिलांना शिकविले. मला बरे वाटले. माझी गत तिच्या वडिलांपेक्षा वेगळी नव्हती.

आमच्या घरी त्या दिवशी दिंडे साडेअकराला उकडली. आईने पहिले दिंड नातवाच्या हातावर ठेवले. तो ते घेऊन पुन्हा ओट्याखालच्या आपल्या जागी जाऊन बसला. आता रोज सकाळी शेगडी लावण्यापूर्वी मी एकदा त्या जागेपर्यंत वाकतो. सौ. म्हणते, गुडघ्यांना व्यायाम होतो. होत असेल. मी मात्र वास घेतो.